मोजणीचा सोमवार

आर्लिस ब्रॅटव्होल्डनं उभ्या आयुष्यात पाच जणांवर हात उचलला. चार पुरुष, एक बाई. गावात कुणी सात सांगतं, कुणी दहा, पण लोक तिखटमीठ लावून सांगतात. मी गेली एकोणीस वर्षं आमच्या शाळेच्या कचेरीत पोरांची डोकी मोजते आहे. आकड्यात माझी चूक व्हायची नाही.

पहिला तिचा बाप. हा गृहस्थ संध्याकाळचं दूध काढून झालं की घोड्याच्या सामानाचा पट्टा काढायचा आणि तिच्या धाकट्या भावाला गोठ्यातच झोडपायचा. आर्लिस चौदा वर्षांची होती तेव्हा तिनं दुधानं भरलेली बादली मागून त्याच्या डोक्यात घातली. बाप शेणात तोंडावर पडला. उठला तेव्हा कानातून रक्त येत होतं, आणि त्या कानानं त्याला पुढे मरेपर्यंत ऐकू आलं नाही. ही गोष्ट तिनं मला एकदा बस धुता धुता सांगितली. म्हणाली, "दूध सांडलं म्हणून आई रडली. कानाचं कुणी काही विचारलं नाही."

दुसरा तिचा नवरा, डुएन. हा प्यायला की मारायचा, आणि दारू मिळाली नाही की मिळाली नाही म्हणून मारायचा. आर्लिसच्या डाव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालंय, ती त्याची करणी. शेवटी एका मार्च महिन्यात ती लहानग्या पोराला, केंटला घेऊन पिकअपमध्ये बसली, निघायलाच. डुएननं दाराची कड धरून ठेवली. "हात काढ," ती म्हणाली. त्यानं काढला नाही. तिनं दार खेचून लावलं. मग उघडलं आणि पुन्हा लावलं. मग पुन्हा. मनगटाचा पार भुगा झाला. न्यायाधीश तिला म्हणाले, "बाई, एकदा दार लागलं तर अपघात म्हणता येतो. तीनदा लागलं तर मी काय म्हणू?" नव्वद दिवस आत गेली, आणि नाव पोलिसांच्या नोंदीत कायमचं लागलं.

तिसरा एक दारुडा बाप. तोवर आर्लिस शाळेची बस चालवायला लागली होती. नोंद होती, पण हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर बस चालवायला दुसरं कुणी मिळत नव्हतं, तेव्हा नोंदीकडे सगळ्यांनी कानाडोळा केला. तर हा बाप स्वतःच्या पोराला सगळ्यांदेखत बडवायला बसच्या पायऱ्या चढून आला. आर्लिसनं जागेवरूनच पाय उचलला आणि बुटाचा तळवा त्याच्या छातीत घातला. दोन बरगड्या गेल्या. नाताळाला त्याच माणसानं तिच्या दारात अर्धं डुक्कर आणून ठेवलं, नीट कापून, कागदात गुंडाळून.

चौथ्याची गोष्ट मोठी आहे, आणि तिच्यात माझाही हात आहे. म्हणून तर लिहायला बसले.

पण त्याआधी केंटचं सांगायला हवं. आमच्या शाळेत कुस्तीचा संघ राहिला नव्हता, म्हणून केंट कुस्तीसाठी जिल्ह्याच्या गावाला जायचा. चौपन्न मैल जाणं, चौपन्न मैल येणं. सतरा वर्षांचा होता. जानेवारीत, रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरलेला असताना त्याची गाडी गव्हाच्या ट्रकखाली गेली. पोरांना सोडून रिकामी बस घेऊन परतणारी आर्लिसच तिथं सगळ्यांत आधी पोचली. पत्रा तिनं हातांनी वाकवला. अर्धा तास त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती रस्त्यात बसली होती, आणि त्या अर्ध्या तासात तो गेला. त्यानंतरही ती तोच रस्ता बस घेऊन जात राहिली. कधी रजा मागितली नाही.

आता शाळेचं. आमच्या शाळेचं सगळं नशीब ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी ठरतं. त्या दिवशी वर्गात जितकी डोकी, तितका सरकारचा पैसा. वरच्या चार इयत्तांत चाळीसपेक्षा कमी पोरं निघाली की वरची शाळा बंद, आणि सगळ्यांची रवानगी त्या चौपन्न मैलांवर. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आमची स्वतःची पोरं होती छत्तीस. गावात पोरं होतातच कुठं? म्हातारे होतात.

त्याच्या काही वर्षं आधीच बाहेरच्या देशातली पोरं आणायची टूम निघाली होती. ती पोरं दोन तऱ्हेनं येतात. एक तऱ्हा अशी की बाप सगळ्या वर्षाचा सगळा खर्च आधी भरतो, मग पोराला व्हिसा मिळतो. असं पोर एकच वर्ष राहू शकतं आणि त्याला मोजणीत धरायचं नाही. दुसरी तऱ्हा अदलाबदलीची. संस्था पाठवते, आपल्या हद्दीतलं एखादं घर त्या पोराला ठेवून घेतं, फी एक पैसाही नाही, आणि पोर मोजणीत धरता येतं. हे दोन कागद वेगळे आहेत हे आम्हाला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. कोरियाहून एक गोड पोरगा आला होता. त्याच्या बापाकडून आम्ही पूर्ण खर्च घेतला आणि सोमवारी त्याचं डोकंही मोजलं. राजधानीहून तपासनीस आला, त्यानं मला तासभर अशी सोलून काढली की तेव्हापासून ते दोन्ही नियम मला झोपेतून उठवलं तरी पाठ आहेत.

टूम काढणारा होता कर्ट नायलंड, आमच्या शाळा मंडळाचा अध्यक्ष. गावातला सगळ्यांत मोठा गुरांचा मालक. चर्चमधल्या बाकांसाठी पैसे देणारा, सगळ्यांच्या लग्नामरणाला हजर असणारा. "मंडळातल्या प्रत्येकानं एकेक पोर घरी ठेवायचं," त्यानं त्या वर्षी सभेत सांगितलं, "मी बोलतो तर मी पहिला." चार पोरं आली. छत्तीस आणि चार चाळीस. अगदी काठावर. कर्टच्या घरी आली शुशान, आर्मेनियाची, सोळा वर्षांची. बारीक चणीची, जाड भुवयांची पोर. पहिल्याच दिवशी तिनं मला सुकवलेल्या जर्दाळूंची माळ आणून दिली आणि माझं नाव विचारून वहीत लिहून घेतलं.

मोजणीला अकरा दिवस राहिले होते. गुरुवार. सकाळची पोरं उतरवून आर्लिस थेट कचेरीत आली. ती कधी आत येत नसे, खिडकीतूनच चाव्या टाकायची.

"मार्ला, दार लाव."

"का गं? काय झालं?"

"त्या नायलंडांकडच्या पोरीच्या दंडावर ठिपके आहेत. जोडीजोडीनं. लाल."

"डास चावले असतील."

"डास दीड इंच मोजून चावतात का गं?"

आमच्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा कळतं ते. गुरं हाकायची विजेची काठी असते, तिच्या टोकाला दोन पितळी दाते असतात, दीड इंचाच्या अंतरावर. काठी नुसती टेकवली तर कातडीवर काही उठत नाही. दाबून धरली तर उठतं.

"तिनं काही सांगितलं?" मी विचारलं.

"विचारलं मी. म्हणते, त्या घरात सगळ्यांनाच मारतात, मला वाटलं ही इथली रीत असेल." आर्लिसनं टेबलावर मूठ ठेवली, ते वाकडं बोट बाहेर राहिलेलं. "फोन कर. आत्ता."

पोराला मारहाण होतेय असा संशय आला की शाळेनं सरकारला फोन करून कळवायचं असा कायदा आहे, आणि त्यात 'ताबडतोब' असा शब्द आहे. तो कागद माझ्याच टेबलाच्या काचेखाली होता, मी त्याच्यावरच कॉफीचा मग ठेवत असे. मी फोन केला नाही. मी व्हॉस सरांकडे गेले. सर आमचे मुख्य अधिकारी, भला माणूस, पण पाठीचा कणा तेवढा द्यायचा राहून गेलेला. ते खिडकीतून मैदानाकडे बघत राहिले.

"पोरगी स्वतः होऊन काही बोलली?"

"नाही. आर्लिसनं विचारल्यावर."

"म्हणजे अजून आपल्याला नक्की काही माहीत नाही." त्यांनी चष्मा पुसला. "मार्ला, आपण कळवलं की संस्था तिला तासाभरात त्या घरातून उचलेल. मग ती कुठल्या गावाला जाईल देव जाणे. राहिले किती?"

"एकोणचाळीस."

"तेच. सोमवार होऊ दे. मंगळवारी सकाळी सातला मी स्वतः फोन करतो. शब्द देतो."

आर्लिसला समजवायचं काम माझ्यावर आलं. बसच्या शेडमध्ये गेले. ती टायर ठोकून बघत होती. बस चालवणाऱ्या प्रत्येकाकडे एक लाकडी दांडका असतो, दीडेक फुटाचा, टायरवर मारून आवाजावरून हवा कळते. सरांचं म्हणणं तिला सांगितलं. ती वळलीसुद्धा नाही.

"मग मी करते फोन."

तेव्हा मी जे बोलले ते मला आयुष्यभर पुरणार आहे. मी म्हणाले, "कर. मग जानेवारीत चाळीस पोरं रोज केंटच्या रस्त्यानं पाठव. तूच ने, तुलाच न्यायची आहेत."

तिनं दांडका खाली केला. जन्मात कधी कुणासाठी थांबली नव्हती ती बाई. बापासाठी थांबली नाही, न्यायाधीशासाठी थांबली नाही. माझ्या त्या एका वाक्यानं थांबली.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "बाराव्या दिवशी मी नायलंडला विचारायला जाणार, मग तुझा सर फोन करो नाहीतर न करो."

त्यानंतर रोज सकाळी ती शुशानला ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसवायची आणि बाही वर करून बघायची. शनिवार-रविवार पोरगी दिसली नाही. सोमवारी आर्लिस खिडकीशी आली, चाव्या टाकल्या आणि नुसतं "अजून चार" म्हणाली. बुधवारी म्हणाली, "मानेवर. केसांखाली." मी म्हणाले, "पाचच दिवस राहिले गं." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीची काच लावून घेतली. त्या दिवशी मधल्या सुट्टीत कर्ट शाळेत आला होता, मंडळाच्या कागदांवर सह्या करायला. माझ्यासमोर बसून त्यानं माझ्याच डब्यातली बिस्किटं खाल्ली. "काय मार्लाबाई, चाळीस होताहेत ना?" म्हणाला. मी हसून म्हणाले, "होताहेत." खरंच हसले मी. माझ्या जिभेला काही झालं नाही.

शुक्रवारी सकाळी शुशानच्या हातून वासरांच्या वाड्याचं फाटक नीट लागलं नव्हतं. वीसबावीस वासरं मोठ्या रस्त्यावर गेली, त्यातलं एक ट्रकखाली सापडून मेलं. दुपारी चार वाजता आर्लिसची बस नायलंडांच्या फाटकाशी थांबली तेव्हा कर्ट आधीच रस्त्यावर उभा होता. हातात ती काठी. बसमध्ये अजून नऊ पोरं होती. पुढचं सगळं त्या नऊ जणांनी पोलिसांना सांगितलं, आणि नवाच्या नऊ जणांनी एकच सांगितलं, म्हणून मी ते खात्रीनं लिहू शकते.

दार उघडलं. शुशान शेवटच्या पायरीवर होती तोच कर्टनं तिचा अंबाडा धरला आणि तिला खाली ओढली. ती हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. ती ओरडली तर त्यानं तिच्या मानेवर काठी दाबली आणि धरून ठेवली. "वासराची किंमत कोण भरणार?" तो म्हणत होता. "तुझा बाप भरणार? फुकट खायला आलीस इथं, फुकट शिकायला आलीस, आणि माझं वासरू मारतेस?" पोरीचे पाय रेतीत खडखड वाजत होते.

आर्लिसनं हँडब्रेक लावला. किल्ली काढून खिशात घातली, कारण पोरं आत असताना किल्ली ठेवून उतरायचं नाही असा नियम आहे. मागे वळून म्हणाली, "कुणी जागचं हलायचं नाही." सीटखालचा दांडका घेतला आणि खाली उतरली.

"ए म्हातारे, बसमध्ये बस," कर्ट म्हणाला. "घरचा मामला आहे."

पहिला फटका तिनं काठी धरलेल्या हातावर मारला. काठी उडाली. दुसरा गळ्याच्या हाडावर, ते मधोमध तुटलं. कर्ट सहा फुटांवर उंच, गुरं लोळवणारा गडी, त्यानं डाव्या हातानं तिच्या तोंडावर ठोसा दिला, तिचा दात पडला. तिनं तो थुंकला आणि त्याच्या गुडघ्याच्या वाटीवर दांडका घातला. तो खाली आल्यावर त्याचं तोंड तिच्या उंचीला आलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. तो रेतीत लोळत होता, हात वर करत होता, आणि ती मारत होती. आवाज न करता, न थांबता, कणसं झोडपावीत तशी. एकसष्ट वर्षांची बाई. मागच्या बाकावरची लहान पोर रडायला लागली तेव्हा ती थांबली. मग तिनं ती विजेची काठी उचलली, त्याच्या मानेशी नेली. नऊही पोरांनी सांगितलं की ती तशी थोडा वेळ उभी राहिली आणि मग काठी गुडघ्यावर मोडून कुंपणापलीकडे टाकून दिली.

कर्टची बायको लॉर्ना पडवीत उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. खाली उतरली नव्हती.

"ॲम्ब्युलन्स बोलाव लॉर्ना," आर्लिस म्हणाली. "अगदी घाई करायला हवी असं नाही."

शुशानला तिनं उचलून पुढच्या बाकावर बसवलं, तिचा हात स्वतःच्या कोटात बांधला आणि बस सुरू केली. वाटेत एकेका पोराला एकेका दारात उतरवलं. नवाच्या नऊ. वेळापत्रकापेक्षा फक्त सव्वीस मिनिटं उशीर झाला. मग पोरीला दवाखान्यात सोडून ती सरळ शेरीफच्या कचेरीत गेली आणि दांडका टेबलावर ठेवला. तिथं जो शिपाई होता तो लहानपणी तिच्याच बसमधून शाळेला जात असे.

"ब्रॅटव्होल्डबाई, हे काय हो?"

"लिही," ती म्हणाली. "सावकाश सांगते. तुझं अक्षर पहिल्यापासून भिकार."

मी दवाखान्यात पोचले तेव्हा सहा वाजले होते. संस्थेची डेलोरिस नावाची बाई नव्वद मैल गाडी हाणत आली होती. आल्या आल्या तिनं पोरीची मान पाहिली, पाठ पाहिली, आणि माझ्याकडे वळली. मी आपलं विचारलं, "आता कुठं नेणार हिला?"

"कुठं म्हणजे?" ती म्हणाली. "तुमच्याकडे. तीन वर्षांपूर्वी ती डॅनिश मुलगी तुमच्याकडेच होती ना? तुमचं घर तपासून झालंय, नाव यादीत आहे. तुमची तयारी असेल तर आत्ता घेऊन जा."

"म्हणजे ती आमच्याच शाळेत राहील?"

"हद्द तीच, शाळा तीच. का नाही राहणार? बाई, तुम्ही आदल्या आठवड्यात एक फोन केला असता तर त्याच दुपारी सोडली असती तुमच्याकडे."

माझ्या घरातली ती खोली रिकामीच होती. शिवणाचं मशीन तेवढं होतं, ते हलवायला दहा मिनिटं लागली.

सोमवारी मोजणी झाली. शुशान प्लास्टरमधला हात घेऊन पहिल्या बाकावर बसली होती. चाळीस. व्हॉस सरांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. गावातल्या बायकांनी केक केला, वर क्रीमनं चाळीसचा आकडा काढलेला. मी तुकडा घेतला आणि कचेरीतल्या केराच्या टोपलीत टाकला.

खटला जानेवारीत चालला. कर्टनं गुन्हा कबूल केला. त्याला दंड झाला, शिक्षा झाली ती स्थगित. आयुष्यात पहिलाच गुन्हा, समाजात मान, शिवाय जबड्यात तारा, बघणाऱ्याला दया यायची. अध्यक्षपद गेलं. आर्लिसचा मात्र दुसरा गुन्हा होता. पहिली नोंद निघाली, ते तीनदा लावलेलं दार पुन्हा उघडलं. सरकारी वकिलानं विचारलं, "पोरीला आधीच ओढून बाजूला करता आली असती, पहिल्या दोन फटक्यांत तो माणूस खाली होता, मग पुढचे कशासाठी?" आर्लिस म्हणाली, "आठ दिवसांचे साठले होते." तिचा वकील डोक्याला हात लावून बसला. बावीस महिन्यांची शिक्षा झाली, आणि बस चालवायचा परवाना कायमचा गेला.

आठ दिवस कसले, हे कोर्टात कुणी विचारलं नाही. तिनं माझं नाव घेतलं नाही, सरांचं घेतलं नाही. मी तिसऱ्या बाकावर बसले होते. उठून सांगता आलं असतं. तिथंही मी मूग गिळून बसले.

शुशान मे महिन्यात घरी गेली. जायच्या आधी तिनं मला विचारलं, "आर्लिसबाईंना कुठल्या पत्त्यावर पत्र लिहू?" मी तुरुंगाचा पत्ता लिहून दिला. मला पत्र कधी आलं नाही.

आर्लिस सुटली ती गेल्या वर्षी, सप्टेंबरात. मी तिच्या घरी गेले, सफरचंदाचा केक घेऊन. ती पायरीवर बसून बूट पुसत होती. केस पार पांढरे झालेले, पुढच्या दाताची जागा रिकामी. मी तिथंच उभी राहिले.

"शाळा चालू आहे?" तिनं विचारलं.

"आहे. या वर्षी बेचाळीस होतील."

"बरं झालं."

ती 'बरं झालं' म्हणाली ते मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "आर्लिस, एक सांगायचंय. ती माझ्याकडे राहू शकत होती. पहिल्या दिवसापासून. मोजणीतलं एक डोकंही कमी झालं नसतं."

"कळलं मला. वकिलानं सांगितलं. तुला सुचलं नाही, व्हॉसला सुचलं नाही. मलाही नाही."

सगळ्या गावाला मी तेच सांगितलं होतं, सुचलं नाही म्हणून. नवऱ्यालाही तेच, चर्चमधल्या पाद्रीबाबांनाही तेच. तिच्यापुढे मात्र जीभ वळेना.

"मला सुचलं होतं," मी म्हणाले. "त्याच गुरुवारी. तू कचेरीत उभी होतीस तेव्हाच. माझ्या नेमणुकीच्या कागदावर दर जूनमध्ये कर्ट सही करायचा. त्याच्या घरातून पोर काढून माझ्या घरात न्यायची म्हणजे... मी भ्यायले गं. म्हणून सरांपुढे बोलले नाही. म्हणून तुला केंटचं बोलले."

तिनं बूट खाली ठेवला. उठली. सावकाश उठली, तुरुंगात तिचे गुडघे गेले होते.

"त्या पोरीच्या अंगावर किती ठिपके उठले होते, मोजलेस का?"

"नाही."

"इतकी वर्षं मोजतेस ना?"

"मी बघितलंच नाही कधी तिच्याकडे, आर्लिस. तू सांगायचीस आणि मी काच लावायची."

"सव्वीस," ती म्हणाली, आणि तिनं माझ्या तोंडात मारली. बंद मुठीनं, वाकड्या बोटाच्या त्या हातानं. केक हातातून पडला, मी अंगणात बसकण मारली, ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. ती माझ्यावर वाकली. वाटलं, आता पुन्हा मारणार. मी हात वर केला नाही, एवढं एक त्यातल्या त्यात.

तिनं मला काखेत हात घालून उभं केलं, बूट पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं आणि फाटकाकडे बोट केलं. त्याला वर्ष झालं. चालत गेलं तर माझ्या दारापासून तिच्या दारापर्यंत चार मिनिटं लागतात. अजून गेलेले नाही.